दावं किती हाताचं आहे ते आधी मोजा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पंधरवड्यात आपल्या पेपरात लेख आला होता की जनावरं आता बंदिस्त गोठ्यातच पाळा, चरायला सोडणं म्हणजे वेळ वाया. त्यावर चार दिवसांनी एका वाचकाचं पत्र आलं की गोठा म्हणजे जेल आहे, मुक्या जीवाला रानात मोकळं सोडा. मी दोन्ही कात्रणं काढून ठेवली आहेत. दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे पण दोघांनीही शेण ओढलेलं नसावं असं मला वाचताना वाटलं, राग मानू नका. माझं पत्र लांब होणार आहे, कापलं तरी चालेल, फक्त पाण्याचं आणि दाव्याचं तेवढं कापू नका.

मी यावल तालुक्यातला, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. केळी, कपाशी, थोडी दादर ज्वारी, आणि खळ्यात जनावरं. वडील होते तोवर आमच्याकडे निमाडी बैलांच्या दोन जोड्या, लाल अंगावर पांढरे पट्टे, आणि गाई-म्हशी धरून वीसेक ढोरं होती. सकाळी गावाबाहेर वडाखाली सगळ्या गावाची ढोरं जमायची आणि गुराखी ती डोंगराकडे घेऊन जायचा, संध्याकाळी धूळ उडवत परत. आता ना तो कळप राहिला ना तो डोंगर, म्हणजे डोंगर आहे पण तिथे अभयारण्य आहे, गार्ड अडवतो, आणि त्याचंही चूक नाही, जंगल बोडकं करण्यात आपल्या ढोरांचाही हात होताच. गायरानाचं म्हणाल तर आमच्या गावचं गायरान कागदावर आहे. प्रत्यक्षात त्यावर घरं, उकिरडा आणि एक क्रिकेटचं पिच आहे. म्हणून रानात मोकळं सोडा म्हणणाऱ्या भाऊंना माझा पहिला प्रश्न, कोणत्या रानात?

आता मुद्द्याचं. माझ्या पोराने तीन वर्षांपूर्वी हेले पाळायला घेतले. आमच्याकडे हेला म्हणतात, तुम्ही टोणगा म्हणा, रेडा म्हणा. म्हशीला वगार झाली तर घरात पेढा वाटतात आणि हेला झाला तर चेहरा पडतो, कारण त्याला दूध पाजायचं म्हणजे विकायचं दूध कमी. मग त्याला पहिल्या दिवसाचा चीकसुद्धा नीट मिळत नाही. खरं तर जन्मल्यावर पहिल्या तास-दोन तासात चीक पोटात गेला नाही तर रोगाशी झुंजायची ताकदच पिल्लात येत नाही हे आता कोणताही डॉक्टर सांगेल. पान्हा फुटण्यापुरतं कासेला लावायचं आणि ओढून बाजूला बांधायचं, महिना-दीड महिन्यात ते हगवणीने नाहीतर जंताने मरतं. मेल्यावर काही ठिकाणी त्याच्याच कातड्यात भुसा भरून म्हशीपुढे ठेवतात म्हणजे ती पान्हा सोडते. हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय, आजही आठवलं की जेवण जात नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात म्हशींच्या माद्या १० कोटींच्या वर आणि नर १ कोटीपेक्षाही कमी निघाले. निसर्ग तर निम्मे निम्मे देतो, मादी जास्त वर्षं ठेवली जाते आणि नर कापायला जातो हे धरलं तरी मधे कितीतरी असे बिनहिशोबी मेलेले आहेत, त्यांचा पंचनामा कुठेच होत नाही.

तर पोरगा म्हणाला आप्पा आपण गवळ्यांकडून हे हेले लहानपणीच घेऊ, दूध पावडर आणि ढेप, म्हणजे पेंड, घालून जगवू, मोठे करू आणि विकू. मी आधी नाहीच म्हटलं. कारण विकू म्हणजे कुठे ते मलाही कळतं आणि तुम्हालाही कळतं. हेला नांगराला आता कोणी जुंपत नाही. गोवंश हत्याबंदीचा कायदा महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून लागू झाला, गाय तर १९७६ च्या कायद्यातच होती, नंतर बैल आणि वळू त्यात आले, म्हैस-रेडा आले नाहीत, रेड्याला सर्टिफिकेट घेऊन कत्तलखान्यात नेता येतं. परदेशात आपलं बीफ जातं असं जे ऐकता ते म्हशीचंच मटण, गाई-बैलाचं बाहेर पाठवायलाच बंदी आहे. एवढं लिहिलं तरी काही वाचक पेपर फेकतील, माहित आहे मला. घरात आमच्या सौंनी दोन दिवस माझ्याशी आणि पोराशी बोलणं टाकलं होतं. मग तिनेच तिसऱ्या दिवशी एका मरतुकड्या हेल्याला मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजलं आणि म्हणाली, जितके दिवस आपल्याकडे आहे तितके दिवस उपाशी नाही राहणार. तिचं ते वाक्य घेऊनच मी आज हे लिहितोय, कारण आपल्याकडे सगळं भांडण जनावर कापायचं का नाही यावर चालतं, मोर्चे निघतात, गाड्या अडवतात, पण त्याआधीचे दोन-तीन वर्षं ते जनावर कसं जगलं यावर कोणीच एक शब्द बोलत नाही, ना कापणारे ना वाचवणारे.

पोराने मोबाईलवर व्हिडिओ बघून शेड बांधलं. वर पत्रा, तीन बाजूंनी भिंत, खाली सिमेंटचा कोबा, समोरासमोर दोन रांगा आणि चौदा हेले. दिसायला एकदम भारी, येणारा-जाणारा फोटो काढायचा. दावं दोन हाताचं, कारण लांब ठेवलं तर शिंगं मारतात, एकमेकांचं खातात. हिवाळा मजेत गेला. मग मे आला. आपला खान्देशी मे काय असतो ते जळगाव-भुसावळच्या माणसाला सांगायची गरज नाही, पारा ४५ च्या खाली यायला तयार नसतो. पत्रा दहा फुटावर, भिंतीमुळे वारा नाही, दुपारी लाइट गेली की पंखा बंद आणि मोटर पण बंद, म्हणजे पाणी पण नाही. एका दुपारी मी बागेतून आलो तर कडेचा हेला जीभ बाहेर काढून मान लांब करून उभा, तोंडातून लाळेच्या तारा, फुस्स फुस्स श्वास. बाकीचेही उभेच. डॉक्टर येईपर्यंत आम्ही बादल्या ओतत होतो पण तो रात्री गेला. दुसरा तीन दिवसांनी.

डॉक्टर म्हणाले म्हशीच्या जातीला गाईपेक्षा घामाच्या ग्रंथी फार कमी, कातडं काळं, केस विरळ, म्हणून तर ती डबक्यात बसते, लोळायची हौस नाही ती, जीव वाचवायची सोय आहे. आपण डबकंही काढून घेतलं आणि झाडही. बाहेर त्याच वेळी कडुनिंबाखाली बांधलेली आमची म्हातारी गाय आरामात रवंथ करत होती. तिला कोणी पंखा लावला नव्हता.

आमच्याकडे पूर्वी ढोरं राखायचा तो म्हातारा अजून आहे, आता दिसत नाही त्याला नीट. तो शेडमधे आला, अंधारात हाताने एकेकाचे गुडघे चाचपले आणि म्हणाला, "आप्पा, ह्या ढोराईले बसता येत नही. जे ढोर बसत नही ते सुखी नही." मी रात्री टॉर्च घेऊन बघितलं तर खरंच, अकरा वाजता बारापैकी नऊ उभे. गुडघ्यावर सूज, दोघांच्या खुराच्या वर जखम, कोब्यावर शेण-मूत मिसळून घसरगुंडी झालेली, बसायला गेलं की घसरतं म्हणून ते बसतच नव्हते. गाय-म्हैस दिवसातून दहा-बारा तास बसते, सात-आठ तास रवंथ करते, ते बसून करते तेव्हा खाल्लेलं अंगी लागतं. आम्ही ढेप महागाची घालत होतो आणि ती खाऊन जनावर रात्रभर उभं राहत होतं. म्हणजे दया-माया सोडा, निव्वळ धंदा म्हणूनही आम्ही वेडेपणाच करत होतो.

मग एक भिंत पाडली. पत्र्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या आणि दादरचा खराब झालेला कडबा अंथरला, भिंतीला बाहेरून चुना. बाजूच्या पडीक जागेत बांबू आणि जाळी लावून आवार केलं, बांबू घरचे, जाळीला चौदा हजार लागले. पुस्तकात म्हशीसाठी छपराखाली ४ चौरस मीटर आणि उघड्यावर ८ चौरस मीटर जागा सांगतात, आमची तेवढी झाली नाही पण निम्म्याच्या वर झाली. खाली माती, त्यावर केळीची वाळलेली पानं, जी आपण बांधावर जाळतो तीच. पाण्याची टाकी सावलीत आणि दिवसभर भरलेली, मोटर नसेल तर रात्री भरून ठेवायची, कारण मोठं जनावर एरवी ४०-५० लिटर पितं आणि मे महिन्यात ७०-८० लिटरही लागतं, संध्याकाळी एकदा बादली दाखवणं म्हणजे पाणी पाजणं नाही. आणि दावं सोडून दिलं. याला मुक्त संचार गोठा म्हणतात, नवीन काही नाही, नगर-नाशिककडे दूधवाले कधीपासून करतात, आपल्याकडे मात्र लोक म्हणाले हेले एकमेकांना मारून टाकतील. दोन दिवस ढुश्या दिल्या त्यांनी. तिसऱ्या दिवशी कोण मोठा कोण छोटा ते त्यांचं त्यांनी ठरवलं आणि सगळे शांत. त्यातला एक इतका दांडगा निघाला की त्याला वेगळा ठेवावा लागला हेही खरं सांगतो. पण रात्री टॉर्च मारली तर सगळे बसलेले, तोंडं हलतायत, आणि मला कधी नव्हे ती त्यांची पाठ थोपटाविशी वाटली.

आता चरायला सोडा म्हणणाऱ्यांसाठी. रान म्हणजे स्वर्ग असं चित्र शहरातल्या माणसाला वाटतं, मी त्या रानात वाढलोय. पहिल्या पावसानंतर कोवळी ज्वारी खाल्ली की किराळ लागते, त्यात विष असतं, जनावर अर्ध्या तासात आडवं. नुसता ओला लसूणघास पोटभर खाल्ला तर पोट ढोलासारखं फुगतं. कपाशीवर फवारणी झालेली असते आणि ढोर बांधावरचं गवत खातं. गावाजवळ चरलं तर पोटात प्लॅस्टिक. गोचिडी तर मोजायलाच नको. एप्रिल-मे मधे आठ-दहा किलोमीटर चालून जेवढं खातात त्यापेक्षा जास्त जिरवून येतात. त्या काळातल्या आमच्या गाईंची हाडं मोजता यायची, आपण ते विसरलो आणि फक्त घुंगरांचा आवाज लक्षात ठेवला. लम्पीचं घ्या, २०२२ च्या साथीत राज्यातली पहिली लागण ऑगस्टमधे आपल्या रावेर तालुक्यातच सापडली. तो रोग माश्या-डास-गोचिडांनी पसरतो, त्याने बंदिस्तही पाहिलं नाही आणि चरणारंही पाहिलं नाही. ज्यांच्या गोठ्यात शेण साचलेलं आणि जनावरं खेटून बांधलेली त्यांच्याकडे माश्यांना घरच मिळालं. त्या वर्षी बाजार बंद होते आणि पोळा लोकांनी घरच्या घरी केला, आठवत असेल.

तरी चालणं, हुंगणं, झाडाला अंग घासणं, चार जणांत फिरणं हे ढोराला लागतंच, चारा गव्हाणीत आला म्हणून ती भूक मिटत नाही. आमचे हेले आवारात सोडल्यावर पहिलं काम काय केलं तर प्रत्येकाने जाऊन कडुनिंबाच्या खोडाला मान घासली. दोन वर्षांचे झाले होते तोवर त्यांना झाड माहित नव्हतं.

पोरगा मला परदेशातले व्हिडिओ दाखवतो, बघा आप्पा अमेरिकेत कसे हजारो एका जागी ठेवतात. मी म्हटलं नीट बघ, तिथेही बांधलेले नाहीत, मोठ्या उघड्या आवारात आहेत, पण सावली नाही आणि पायाखाली चिखल. २०२२ च्या जूनमधे त्यांच्या कॅन्सस राज्यात उष्णतेची लाट आली तेव्हा दोन हजारावर जनावरं गेली, वारा पडला आणि दमट झालं एवढंच निमित्त. शिवाय लवकर वजन वाढावं म्हणून ते मका भरपूर घालतात, आणि चारा कमी-दाणा जास्त झाला की पोटात आंबतं, ॲसिडोसिस होतो, पुढे लिव्हरमधे गळू होतात. आपल्याकडे मका नाही तर लग्नाच्या पंगतीचं उरलेलं टाकतात, भात, पोळ्या, बुंदी. आमच्या भावकीतल्या एकाचा चांगला बैल असाच गेला, रात्री प्रेमाने टोपलंभर भात घातला आणि सकाळी बैल उठला नाही. युरोपात काही देशांत खाली फटी असलेलं सिमेंट असतं म्हणजे शेण काढावं लागत नाही, माणसाची सोय, जनावराच्या खुराची वाट. आणि त्याच युरोपात स्वीडनमधे दुभत्या गाईला उन्हाळ्यात बाहेर चरायला सोडलंच पाहिजे असा कायदा आहे. म्हणजे तिकडे सगळं चांगलं किंवा सगळं वाईट असं नाही, आपल्यासारखंच आहे, फक्त आकडे मोठे.

इंग्लंडमधे १९६५ साली सरकारी कमिटी बसली होती, ब्रॅम्बेल कमिटी, तिने सांगितलं की कमीत कमी जनावराला उठता यावं, बसता यावं, वळता यावं, अंग चाटता यावं आणि पाय ताणता यावेत. साठ वर्षं झाली. माझ्या गावात आज सकाळी फिरून या, निम्म्या खळ्यांत दावं एवढं आखूड आहे की ढोराला मान वळवून स्वतःच्या पाठीवरची माशी चाटता येत नाही. आणि हे आपल्याकडे गुन्हा आहे बरं का. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याच्या विरोधातल्या कायद्यात, कलम ११ मधे, गैरवाजवी आखूड किंवा जड साखळी-दोरीने जास्त वेळ बांधून ठेवणं स्पष्ट लिहिलेलं आहे. पहिल्या वेळी दंड किती तर १० ते ५० रुपये. एका वडापावचे पैसे नाहीतर दोनचे. या कलमाखाली कोणाला पकडल्याचं मी माझ्या साठ वर्षांत ऐकलं नाही, मलाही पकडायला पाहिजे होतं त्या मे महिन्यात.

गाडीचं तेच. साध्या ट्रकमधे सहापेक्षा जास्त मोठी जनावरं नको असा १९७८ चा नियम आहे. गेल्या वर्षी मी एका बाजारात होतो, नाव लिहित नाही, तिथे एका गाडीत मोजले तेव्हा सतरा निघाले, एकाचा पाय दुसऱ्याच्या पोटाखाली. ड्रायव्हरला म्हटलं भाऊ हे काय, तर तो म्हणे काका, सहा घेऊन गेलो तर डिझेल निघत नाही, आणि रस्त्यात चार ठिकाणी थांबवतात त्याचं काय. त्याचं खोटं नव्हतं. कागद असूनही अडवतात, मारतात, म्हणून लोक रात्री, आडरस्त्याने, ताडपत्री टाकून नेतात, आणि त्या ताडपत्रीखाली हाल कोणाचे होतात? ज्यांना गोरक्षण करायचंय त्यांनी गाडीत किती भरले, पाणी पाजलं का, खाली भुसा आहे का एवढं तपासलं तर मी स्वतः त्यांना चहा पाजीन. २०२५ च्या पावसाळ्यात या अडवाअडवीला कंटाळून मांसाचा व्यापार करणाऱ्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदीच बंद ठेवली होती, तेव्हा शेतकऱ्याच्या दारात भाकड जनावर उभं राहिलं आणि त्याला घालायला कडबा नव्हता. उपाशी उभं ठेवणं हे वाचवणं कसं होतं ते मला कोणीतरी समजावून सांगा.

आपण पोळ्याला बैलाला तापीत धुतो, झूल घालतो, पुरणपोळी भरवतो, पाया पडतो. फार चांगलं, मी पण करतो, यावर्षी पोराने हेल्यांच्याही शिंगांना बेगड लावली, लोक हसले. पण संध्याकाळी तोच बैल त्याच दोन हाताच्या दाव्याला, त्याच कोब्यावर.

आमच्याकडे आत्ता नऊ हेले आहेत. विकताना त्रास होतो का, होतो. सौ त्या दिवशी माहेरी जाते. पण गवळ्याच्या दारात महिन्याभरात मरायचे ते दोन-अडीच वर्षं सावलीत बसून रवंथ करून गेले, यात मी पुण्य केलं असं म्हणत नाही, पाप कमी केलं का तेही ज्याचं त्याने ठरवावं.

संपादक साहेब, आपल्याकडून दोन गोष्टी पाहिजेत. आपल्या पेपरात कांदा-केळीचे भाव रोज येतात, तसं आठवडी गुरांच्या बाजाराच्या दिवशी वार्ताहराला तिथे पाठवून पाण्याचा हौद भरलेला होता का, सावली होती का आणि गाडीत चढवायला उतार होता का नुसतं ढकलत होते एवढं चार ओळीत छापा. नावासकट छापा म्हणजे बाजार समितीवाले हौद भरतील. आणि घटसर्प-फऱ्याच्या लसी पावसाळ्याच्या आधी गावात कधी येणार ती तारीख आतल्या पानावर जाहिरातींच्या खाली असते ती जरा वर घ्या, मागच्या वेळी ती आम्हाला रद्दी विकताना सापडली.

आपला नियमित वाचक,
एक शेतकरी, ता. यावल, जि. जळगाव